बरासा आवाज असेल तर सांगा

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मयड्याची केळी दाबून बघत होतो. मागून खांद्यावर हात पडला आणि शिकारीच्या मटणाची चौकशी करावी तशा आवाजात कोणीतरी कानाशी म्हणालं, “सर, एखादा बरासा आवाज असेल तर सांगा.”

केळीवालीला वाटलं असणार की मी बोडगेश्वराच्या जत्रेला भजनी बुवा पुरवतो. तसं काही नाही. मी मराठीचा निवृत्त मास्तर. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले थोडे दिवस वाचन बंद, आणि भाच्याने मोबाईलवर ऑडिओबुकांचं ॲप घालून दिलं. डोळे पंधरा दिवसांत सुधारले. कान बिघडले ते बिघडलेच. भाजी आणताना, बसमध्ये, नारळ सोलताना, माझ्या कानात कोणी ना कोणी वाचत असतं. गावात ही बातमी पसरली आणि मी ऑडिओबुकांचा वैद्य झालो. फी नाही, म्हणून रोगी पुष्कळ.

नोकरीत असताना पालक विचारायचे, “सर, मुलाने काय वाचावं?” मी यादी द्यायचो. ते ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि पुढच्या धुण्यात यादीचा लगदा व्हायचा. ऐकण्याचं तसं नाही. सांगितलेलं पुस्तक माणूस खरंच ऐकतो आणि आठ दिवसांनी येऊन भांडतो. गंमत म्हणजे पुस्तकावरून कोणी भांडत नाही. कथानक रटाळ, शेवट फसलेला, सगळं माफ. तक्रार एकच असते, वाचणाऱ्याची.

करासवाड्याच्या एका हार्डवेअरवाल्याला मी ऐतिहासिक कादंबरी दिली होती. तो आठवड्यात परत आला. “सर, लढाई आली की तो मनुष्य असा ओरडतो की गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जातं. त्यांना वाटतं मी आत पेंटरला मारतोय. काल शत्रू खिंडीत शिरला आणि माझी दोन डबे डिस्टेंपरची विक्री गेली.” मी म्हटलं, इयरफोन लावा. तो म्हणाला, “मग गिऱ्हाईक ओरडतं ते ऐकू येत नाही.”

खोर्लीच्या एका मावशींना झोपण्यापूर्वी ऐकायला प्रेमकथा हवी होती. वाचणारीचा आवाज असा काही गोड, की मावशींना पहिल्या प्रकरणाच्या चौथ्या मिनिटाला झोप लागते. तीन आठवडे झाले, नायकाचं नाव त्यांना अजून कळलेलं नाही. पण पुस्तक फार चांगलं आहे असं त्यांनी सगळ्या वाड्यावर सांगितलंय, आणि आता अर्धा वाडा चौथ्या मिनिटाला झोपतो.

तिसरे माझे स्नेही, बँकेतून निवृत्त. ते सगळं दीडपट वेगाने ऐकतात. महिन्यात चार कादंबऱ्या संपवल्या. विचारलं, कशा वाटल्या? म्हणाले, “बऱ्या. पण मराठी माणसं एवढी घाईत का असतात रे? ती बाई मरतानासुद्धा शेवटची बस चुकेल अशी बोलत होती.”

या रोग्यांमुळे माझा वाचणाऱ्यांचा अभ्यास झाला. एक जमात बातम्या देणाऱ्यांची. आई वारली आणि कांदा महागला, दोन्ही एकाच सुरात. दुसरी उसासे टाकणाऱ्यांची. यांना दर वाक्यामागे एक उसासा लागतो. तासाभराच्या पुस्तकात दहा मिनिटं नुसती वाफ. तिसरी जमात सर्वांत धोकादायक, हौशी नटांची. पाटील आला की छातीतून, म्हातारी आली की नाकातून, आणि तरुण मुलगी आली की हा पन्नाशीचा गृहस्थ जो आवाज लावतो तो ऐकून आमची मांजर खाटेखाली जाते. त्यात भर पार्श्वसंगीताची. पहाट झाली की बासरी. लेखकाने पहाटेचा साधा उल्लेख केला, “पहाटेपासून पोट बिघडलं होतं” असं लिहिलं, तरी बासरी.

आमच्या गोव्याचं एक वेगळंच दुखणं आहे. आम्ही म्हापशाकडची, पेडण्या-डिचोलीकडची माणसं बोलतो कोंकणीत, भांडतोही कोंकणीत, आणि वाचायला बसलो की मराठीत. त्यामुळे गोव्यावरच्या मराठी कथेत शब्द इथले येतात आणि वाचायला माणूस येतो घाटावरचा. मध्ये अशीच एक कथा ऐकली. वाचणारा आवाजाने उत्तम, तयारीचा, पण त्याने पहिल्याच पानावर ‘भाटकार’ला ‘भाटकर’ केलं. भाटकार म्हणजे जमीनदार. आता त्या कथेत तीन गावचे तीन भाटकार होते. ऐकणाऱ्याला वाटावं, एकाच भाटकर आडनावाच्या कुटुंबाने अख्खा बार्देश गिळला, आणि शेवटी एक भाटकर दुसऱ्या भाटकराच्या मुलीशी लग्न करतो तेव्हा तर अंगावर काटाच यावा.

पण कळस पुढे होता. खाजन शेतीत खाडीचं पाणी अडवायला आणि सोडायला बांधात झडप असते, तिला आमच्याकडे ‘मानस’ म्हणतात. तिला विभक्ती लागली की होते ‘मानशीचं दार’, ‘मानशीजवळ’. कथेतला म्हातारा भरतीच्या रात्री बांधावर राखण करतो, एवढाच प्रसंग. वाचणाऱ्याला वाटलं, मानशी हे बाईचं नाव. मग काय विचारता! आवाज एकदम खाली आला. मागे सतार सुरू झाली. म्हातारा मानशीजवळ रात्रभर बसून राहिला, असं त्याने इतक्या हुरहुरीने सांगितलं की आमची ही स्वयंपाकघरातून ओली पळी हातात घेऊन बाहेर आली. “या वयात?” म्हणाली. पहाटे मानशीचं दार उघडलं आणि पाणी घुसलं, तिथे उसासा, आणि अर्थातच बासरी.

उच्चारांचा हा छळ आम्हाला नवा नाही म्हणा. गोव्यात सध्या सर्वांत जास्त ऐकली जाणारी निवेदिका कोण, असं विचाराल तर ती मोबाईलच्या नकाशातली बाई. तिच्या तोंडी म्हापसा ‘मापुसा’ होतं, पेडणे ‘पर्नेम’ आणि डिचोली ‘बिचोलिम’. दोष तिचा नाही. पोर्तुगीज आमच्या गावांची नावं त्यांच्या रीतीने लिहून गेले. ‘पेडणें’सारख्या नावातला शेवटचा अनुनासिक दाखवायला त्यांनी ‘एम’ लावला, तो वाचायचा नव्हताच. म्हापशाच्या ‘सी’खाली एक छोटी शेपटी होती, तिच्यामुळे त्याचा उच्चार ‘स’ व्हायचा. पुढे ती शेपटी गळाली आणि जागी साधा ‘एस’ येऊन बसला. ‘ड’चा ‘र’ कसा झाला ते पेडण्याच्या माणसालाच विचारा. तो जे उत्तर देईल ते इथे छापता येणार नाही. पण आमच्या भाच्याच्या मुलाला आता डिचोली सांगितलं तर कळत नाही. बिचोलिम म्हटलं की गाडी वळते. वाचणाऱ्याची ताकद ही अशी असते.

नवं काय ऐकावं, हे सांगताना माझी म्हणूनच पंचाईत होते. माल पुष्कळ आहे. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७च्या नोव्हेंबरात भारतात आली तीच हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी घेऊन. म्हणजे मराठी माणसाला ऐकायला आवडतं हे स्टॉकहोमला कळलं होतं, आमच्या प्रकाशकांना नंतर कळलं. स्टॉकहोममध्ये घडणारी एक स्वीडिश ‘व्हायरस’ मालिका मराठीत येताना ‘व्हायरस पुणे’ झाली. साथीच्या गोष्टीला पुणंच का, म्हापसा का नाही, असं एकाने मला तावातावाने विचारलं. म्हटलं, बाबा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघितलायस ना? दोन प्रकरणांत गाव संपलं असतं. मालिका करायला माणसं उरावी लागतात.

पण हात राखून सांगायचं नसेल तर माझी चिठ्ठी अजून जुनीच असते. ज्याने कधीच काही ऐकलेलं नाही त्याला पहिला डोस शंकर पाटलांचा, ‘धिंड’. दुसरा द. मा. मिरासदारांचा, ‘भुताचा जन्म’. हे दोघे आणि व्यंकटेश माडगूळकर, तिघांनी मिळून कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले, तेव्हा माईक हेच काय ते तंत्रज्ञान होतं. त्यांच्या आवाजात अभिनय जवळजवळ नाहीच. पारावर बसलेला माणूस शेजाऱ्याला सांगेल तसं सांगत जातात, आणि आपण हसायला लागलो की पुढचं वाक्य जरा थोपवून धरतात. हे थोपवणं आजच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला जमणार कुठून? त्याच्यासमोर काचेपलीकडे एक मुलगा असतो, तोही मोबाईल बघत. संसाराला गांजलेल्या माणसाला मी व. पु. काळे देतो. दोन कथांत तो आपल्या बायकोकडे निराळ्या नजरेने बघू लागतो. परिणाम साधारण तीन दिवस टिकतो.

आणि पु. ल. हे औषध नाही, तो आहार आहे. ते मी कोणाला सांगत नाही, कारण घरोघरी आहेतच. अडचण एवढीच की पु. लं.चं स्वतः केलेलं वाचन ऐकून वाढलेल्या माणसाला दुसऱ्या कोणी ‘अंतू बर्वा’ वाचलेला चालत नाही. पु. लं.नी श्वास कुठे घेतलाय हेसुद्धा आम्हाला पाठ आहे. माझ्याकडच्या कॅसेटची फीत १९८९च्या पावसाळ्यात टेपरेकॉर्डरच्या पोटात गुंतली. मी ती पेन्सिलीने गुंडाळून परत आत घातली, पण तेवढ्या जागी फीत ताणली गेली आणि अंतूशेट ऐन एका वाक्यावर रेडा हंबरल्यासारखे बोलू लागले. परवा तेच वाचन स्वच्छ, धुऊनपुसून काढलेलं ऐकलं. ती जागा आली, अंतूशेट नीट बोलले, आणि मला इतकं चुकल्यासारखं झालं की पुन्हा मागे नेऊन ऐकलं. पु. ल. आणि सुनीताबाई बाकीबाब बोरकरांच्या कविता वाचत, त्याबद्दल मात्र बोलताना गोव्यातला कुठलाही माणूस जरा ताठ बसतो. आमचा कवी आणि त्यांचा आवाज. या व्यवहारात आम्हाला नफा झाला असं आमचं मत आहे.

इंग्रजीत ही कला फार पुढे गेलीय म्हणतात. जिम डेल नावाच्या नटाने हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात १३४ पात्रांना १३४ वेगळे आवाज दिले आणि गिनीज बुकात नाव लावलं. भाच्याने मला हे फार अभिमानाने सांगितलं, जणू आकडे त्यानेच मोजले होते. मी त्याला शुक्रवारी मासळी बाजारात नेलं. आमची नेहमीची बाई चोणक घेऊन बसली होती. तिने भाव सांगितला तो एका आवाजात. मी निम्म्याने मागितला, तेव्हा माझंच वाक्य तिने माझ्याच आवाजात, पण जरा अधिक कंजूष करून शेजारणीला ऐकवलं. मग चोणकाच्या वतीने बोलली: मला समुद्रातून इथवर आणलं ते या भावाला? मग वर बघून सायबिणीशी, म्हणजे मेरीमातेशी, दोन शब्द. मग दिल्लीच्या एका जोडप्याशी हिंदीत, तिथे भाव दुप्पट आणि आवाज निम्मा. हे सगळं दीड मिनिटात, आणि तेवढ्यात चोणकाचे खवले काढून झाले होते. भाचा गप्प झाला. गिनीजवाले शुक्रवारी आले नाहीत, एवढंच.

या धंद्यातला दुसरा जाणकार मला कदंबच्या बसमध्ये भेटला. म्हापशाहून पेडण्याला जात होतो. कोलवाळचा पूल ओलांडला आणि कंडक्टर शेजारी येऊन बसला. पेडण्याकडचा. रात्री दशावतारात काम करणारा, आणि तेही राक्षसाचं, हे त्याच्या तिकीट मागण्यातच ऐकू येतं. माझ्या एका कानातला इयरफोन त्याने न विचारता काढून आपल्या कानात घातला. आत रावण बोलत होता. तो धारगळपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिला. मग इयरफोन परत दिला.

“कसा वाटला?” मी विचारलं.

“बरो आसा. पूण ताका सर्दी जाल्या मरे.”

मग त्याने मला समजावून सांगितलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान काय ते ठरलेलं. मग हार्मोनियम, पखवाज, झांज, आणि रंगमंचावर जे सुचेल ते. त्यामुळे राक्षस आधी विचार करतो आणि मग बोलतो, आणि तो विचार करताना दिसतो. “हांगा तो वाचता,” असं म्हणून त्याने माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं. “रावण कागद बघून बोलता व्हय?” तेवढ्यात समोर एक बैल रस्त्यात आडवा उभा राहिला आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. कंडक्टरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्या बैलाला उद्देशून असं काही गरजला की बैल तर हललाच, मागच्या सीटवरची दोन मुलंही उठून उभी राहिली. आत येऊन मला म्हणाला, “हो आवाज.” आणि स्त्रीपार्टी? तेही पुरुषच करतात, पण आमची मांजर कधी दशावतार बघून पळालेली नाही.

तसं पाहिलं तर वाचून दाखवणाऱ्यांचं गोव्यात कधी काही कमी नव्हतं. इंग्लंडातून आलेल्या थॉमस स्टीफन्स या पाद्रीने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ साली ते राशोलला छापलं, रोमन लिपीत. जवळपास ११ हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती आणि कान मोकळे पडले होते, म्हणून हे पुराण. चर्चमध्ये ते मोठ्याने वाचलं जाई. रोमन लिपीतली मराठी ओवी वाचणारा तो पहिला माणूस कुठे अडखळला असेल, या विचाराने मला आजही मास्तरी घाम फुटतो.

आणि एका निवेदनाबद्दल तर मी कोणाचंही ऐकून घेत नाही. १९५५च्या नोव्हेंबरापासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हद्दीपलीकडच्या जंगलातून गोव्याच्या स्वातंत्र्याचं गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते, कोंकणी आणि पोर्तुगीजमधून. सहा वर्षं. इथे माणसं दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ऐकायची. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, तेव्हा या दोघांनी विमानात बसून, लाउडस्पीकर लावून गोव्यावरून फिरत ती बातमी सांगितली. सहा वर्षं ज्यांना कान लावून ऐकावं लागलं, त्यांना आता वरून, आभाळातून. याला पार्श्वसंगीत विमानाच्या इंजिनाचं. बासरी नव्हती.

आता घरची गोष्ट. माझी आई चौऱ्याऐंशीची. माहेर पेडण्याचं. तिच्या लहानपणी श्रावणात माजघरात पोथी लागायची, श्रीधराचा ‘हरिविजय’. वाचणारे भटजी ठरलेले. रोज एका ठरावीक जागी ते थांबायचे, तपकिरीची डबी काढायचे, आणि नेमका तेव्हाच कृष्ण संकटात असायचा. आई म्हणते, दिव्यातलं तेल संपत आलं की वाचन आवरायचं. म्हणजे झोपण्यापूर्वी आपोआप बंद होण्याची सोय तेव्हाही होती, फक्त ती वातीवर चालायची. आणि श्रावण सरत आला, अध्याय पुष्कळ उरले आणि समाप्तीचा प्रसाद चुलीवर चढला, की भटजी जे सुटायचे ते आमच्या बँकवाल्यालाही झेपलं नसतं. कंस आला कधी, मेला कधी, पत्ता लागत नसे. खिरीच्या वासाबरोबर द्वारका वसायची.

गेल्या श्रावणात मी तिला मोबाईलवर पोथी लावून दिली. वाचणारा तरुण, आवाज स्वच्छ, उच्चार घासूनपुसून घेतलेले. पहिले दोन दिवस ती मोबाईलला नमस्कार करून बसली. तिसऱ्या दिवशी मधेच म्हणाली, “राव रे.” थांब. तिला विडा लावायचा होता. तो थांबला नाही. “राव म्हणटां मगे तुका!” तरी नाही. मी धावत जाऊन बंद केलं. हे दिवसातून चारदा. चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं की हा पोरगा वाचतो बरं, पण ह्याला वळण नाही, मोठ्या माणसांचं ऐकत नाही.

मला आतून बरं वाटलं. छत्तीस वर्षं वर्गात वाचून दाखवण्यात गेली होती माझी. म्हटलं, मी वाचतो. चष्मा पुसला, घसा साफ केला, पाटावर बसलो. कंडक्टर आठवून विचार करताना दिसेन असं बघितलं, मिरासदार आठवून थोपवून धरलं, उसासा एकही टाकला नाही. आईने “राव” म्हटलं की थांबत होतो. तिने विडा लावला, सावकाश तोंडात घातला, मान हलवली. मी पुढे वाचू लागलो. पंधरा मिनिटं झाली असतील. तिचे डोळे मिटले होते. मी रंगात आलो होतो.

“बाबू,” ती डोळे न उघडता म्हणाली.

“काय आई?”

“तो मोबायलातलो खंय गेलो?”